पहाटेचं तळं आणि ओली काच

शाळेच्या कार्यालयात, बँकेत किंवा किराणा दुकानात टांगलेली दिनदर्शिका चाळली, तर बारांपैकी एखाद्या तरी महिन्यावर एक चित्र हमखास असतं. पहाटेची वेळ, आरशासारखं तळं, पलीकडे डोंगर आणि पाण्यात त्याच डोंगराचं उलटं रूप. चित्र इतकं ओळखीचं की आपण त्याकडे नीट पाहतही नाही. शाळेची सहल तळ्याकाठी गेली की विद्यार्थीही मोबाइल काढून हेच चित्र टिपू पाहतात. मग कुणीतरी जाणकार सल्ले देतो : सकाळी लवकर या, कॅमेरा खाली धरा, क्षितिज बरोबर मधोमध घेऊ नका, नुसतं आभाळ फार घेऊ नका.

हे सल्ले आले कुठून? ते केवळ आवडीनिवडीचे आहेत, की त्यांच्यामागे काही कारण आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हांला सुमारे एकशेसाठ वर्षं मागे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, योसेमिटीच्या दरीत जावं लागलं. तिथल्या एका लहानशा तळ्याची गोष्ट या लेखात सांगणार आहोत. तिच्यात रसायनशास्त्र आहे, भूमिती आहे, आणि थोडा अस्वस्थ करणारा इतिहासही आहे.

खेचरांवरून आलेला कॅमेरा

कार्लटन वॉटकिन्स यांचा जन्म १८२९ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर माणसांचा जो लोंढा तिकडे निघाला, त्याच्याबरोबर तेही १८५१ साली तिथे पोचले आणि पुढे छायाचित्रकार झाले. १८६१ च्या उन्हाळ्यात ते योसेमिटीच्या दरीत उतरले. त्यांच्याआधी, १८५९ साली, चार्ल्स वीड यांनी या दरीची पहिली छायाचित्रं घेतली होती. पण वॉटकिन्सनी बरोबर आणलेला कॅमेरा वेगळाच होता. तो त्यांनी खास बनवून घेतला होता आणि त्यात १८ इंच रुंद, २२ इंच लांब, म्हणजे सुमारे ४६ सेंमी × ५६ सेंमी आकाराची काच बसत असे.

एवढी मोठी काच कशाला? त्या काळी निगेटिव्ह मोठं करून छापण्याची सोयीची रीत नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवायचं आणि उन्हात धरायचं, अशी छपाई होई. जेवढी काच तेवढंच चित्र. मोठं चित्र हवं तर काचही मोठीच हवी. काचेची जाडी ३ मिमी आणि घनता दर घनसेंमीला २.५ ग्रॅम धरून एका काचेचं वजन विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर दोन किलोच्या जवळ येईल. अशा काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरवाटांनी आणायचा. या फेरीत वॉटकिन्सनी सुमारे तीस मोठ्या काचा टिपल्या. त्याखेरीज दोन डोळ्यांनी पाहायच्या जोडचित्रांच्या शंभरेक काचाही केल्या.

या दरीत हाफ डोम नावाच्या प्रचंड कातळाच्या पायथ्याशी मिरर लेक म्हणजे ‘आरसा तळं’ आहे. कड्यावरून कोसळलेल्या दगडांनी टेनाया नावाचा ओढा अडला आणि हे तळं तयार झालं. १८६१ साली आणि पुढच्या फेऱ्यांतही वॉटकिन्सनी इथे काचा लावल्या. इथली त्यांची प्रसिद्ध चित्रं आहेत ती पाण्यात पूर्ण उतरलेल्या डोंगराची. त्या डोंगराला पुढे त्यांचंच नाव मिळालं, माउंट वॉटकिन्स.

पहाटच का?

वॉटकिन्स ज्या रीतीने छायाचित्रं घेत, ती इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केली होती. ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा चिकट द्राव म्हणजे कलोडियन. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो काचेवर ओतायचा आणि काच हलकेच तिरपी करत सगळीकडे सारखा पसरायचा. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची. आता काचेवर प्रकाशाला संवेदनशील असं सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. पण ही संवेदनशीलता टिकते लेप ओला असेपर्यंतच. काच भिजवणं, कॅमेऱ्यात बसवणं, भिंगावरचं झाकण काढणं, पुन्हा लावणं, तंबूत धावत जाऊन हिराकशीच्या द्रावाने चित्र उमटवणं, हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायला हवं.

शिवाय ही काच आजच्या मानाने फार मंद होती. भिंग काही सेकंद, प्रसंगी काही मिनिटं उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट झालं. डोंगर हलत नाही. पण झाडांची पानं हलतात आणि पाणी तर हलतंच.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट अवघड आहे, आणि ‘दुप्पट’ हा शब्द आम्ही अगदी मोजून वापरतो आहोत. आरसा एक अंशाने कलला, तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो, हे आपण वर्गात शिकवतो. पाण्याच्या पृष्ठभागालाही तोच नियम लागू आहे. आकाशातल्या पूर्ण चंद्राची रुंदी आपल्या डोळ्यापाशी सुमारे अर्धा अंश भरते. म्हणजे पाण्यावरची लहर पृष्ठभागाला एकच अंश कलवू लागली, तरी त्या ठिकाणचं प्रतिबिंब चार चंद्रांच्या रुंदीइतकं सरकतं. डोळ्याला जेमतेम जाणवणारी झुळूक अख्खा डोंगर विसकटून टाकते.

मग वारा कधी पडतो? डोंगराळ दरीत वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्री उतार थंड होतात, त्यांना लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन खाली दरीत उतरते. दिवसा ऊन उतारांना तापवतं, हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि दरीतून वरच्या दिशेने वारा सुटतो. एक वारा मंदावलेला आणि दुसरा सुरू न झालेला, असा निवांत अवधी सकाळी मिळतो. मिरर लेक पाहायला येणारे प्रवासीदेखील म्हणूनच सकाळी लवकर निघत. पाण्याचा आरसा झुळूक येईपर्यंतच टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रवासी दोन मिनिटं उशिरा आला तर त्याची थोडी मजा हुकेल. वॉटकिन्स उशिरा आले तर दोन किलोची काच वाया. ‘सकाळी लवकर या’ हा सल्ला असा मंद काचेला पाळावाच लागला.

पांढरं आभाळ

दुसरी अडचण आभाळाची. कलोडियनची काच निळा, जांभळा आणि जंबुपार प्रकाशच ओळखे; हिरवा, पिवळा, तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. (काचेवरच्या लेपात विशिष्ट रंग मिसळून तिला इतर रंगही दिसू लागतात, हे हेरमान फोगेल यांना १८७३ साली सापडलं.) त्यामुळे निळं आभाळ काचेवर भरमसाट उमटे आणि छापल्यावर कोरं पांढरं दिसे. झाडं मात्र काळपट येत. दूरच्या धूसर हवेतून विखुरलेला प्रकाशही बराचसा निळा, म्हणून लांबचे डोंगर डोळ्याला दिसतात त्याहून अधिक फिके पडत.

चित्राचा अर्धा भाग कोरा पांढरा असेल तर करायचं काय? एक उपाय एडवर्ड मायब्रिज यांनी केला. (धावत्या घोड्याची चित्रमालिका घेणारे ते हेच.) १८६७ आणि १८७२ साली तेही योसेमिटीला आले होते. ढगांचं वेगळं निगेटिव्ह घेऊन ते डोंगराच्या चित्रावर छापण्याची युक्ती त्यांनी वापरली. आभाळाचा भाग कमी वेळ उघडा राहावा म्हणून त्यांनी एक खास झडपही तयार केली.

वॉटकिन्सचा उपाय रचनेचा होता. त्यांनी आभाळ कमी केलं. कातळाला वरपर्यंत चढू दिलं आणि उरलेल्या पांढऱ्या जागेला नुसती रिकामी न ठेवता आकार दिला, जणू कातरलेला कागद. आणि तळ्याने त्यांना आणखी मदत केली. पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही. पृष्ठभागाशी ४५ अंशांच्या कोनात पाहिलं तर जेमतेम तीन टक्के प्रकाश परावर्तित होतो, दहा अंशांच्या तिरप्या कोनात पाहिलं तर सुमारे एक तृतीयांश. म्हणजे वरचं आभाळ भगभगीत असलं, तरी पाण्यातलं आभाळ मवाळ. वरचा कातळ उजळ, तर खालचा गडद. चित्राच्या खालच्या अर्ध्याला आपोआप वजन आलं. आजचे छायाचित्रकार वरचा उजेड कमी करायला अर्धी गडद, अर्धी स्वच्छ अशी काच भिंगापुढे लावतात. त्या काचेचं काम तळं खालच्या अर्ध्यात फुकट करतं.

कॅमेरा किती उंचीवर?

आता भूमिती. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची हुबेहूब उलटी नक्कल, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. पाण्यात दिसणारं दृश्य असतं ते पाण्याखाली तितक्याच खोलीवर डोळा ठेवला असता जे दिसेल त्याचं. त्या डोळ्याला जवळचं झाड दूरच्या डोंगराला अधिक झाकताना दिसतं.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा, पलीकडचा काठ १०० मीटर दूर आहे आणि त्यावर १० मीटर उंच झाडं आहेत. त्यांच्यामागे ५ किलोमीटरवर १,००० मीटर उंच डोंगर आहे. कॅमेऱ्याचं भिंग पाण्यापासून दीड मीटर उंच, आणि भिंग व काच यांतलं अंतर ५० सेंमी. समरूप त्रिकोण मांडले, तर झाडांच्या शेंड्यांपासून डोंगराचा माथा काचेवर सुमारे ५.७ सेंमी भरतो. प्रतिबिंबात मात्र तोच भाग ४.३ सेंमी. आता कॅमेरा खाली आणून पाण्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवा. हेच आकडे ५.२ आणि ४.८ होतात. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या! ‘कॅमेरा खाली धरा’ या सल्ल्याचं हे गणित.

याचा आणखी एक फायदा आहे. दीड मीटर उंचीवरून पाहताना डोंगरमाथ्याचं प्रतिबिंब आपल्यापासून साडेसात मीटरवरच्या पाण्यात दिसतं, अर्ध्या मीटरवरून पाहताना अडीच मीटरवरच्या. म्हणजे तळ्याच्या मध्यावर झुळूक आली असली, तरी काठाशी निवाऱ्याला थोडं निश्चल पाणी असेल तर माथा तेवढ्यात मावतो. रस्त्यावरच्या डबक्यात अख्खी इमारत मावते ती याचमुळे.

वॉटकिन्स चित्र पाहत ते मोठ्या दुधी काचेवर, डोक्यावर काळं कापड घेऊन. भिंगाच्या नियमाने ते दिसे उलटं : वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. मिरर लेकच्या काठी तर गंमतच. दुधी काचेवर पाण्यातला डोंगर सुलटा उभा आणि खरा डोंगर खाली लोंबता! चित्र उलटं झालं की ‘हा डोंगर, हे झाड’ ही ओळख जरा मागे पडते आणि गडद-उजळ आकार, त्यांचा तोल, त्यांमधली अंतरं आधी दिसू लागतात. विद्यार्थ्यांनी काढलेलं कोणतंही चित्र उलटं धरून पाहायला सांगा. तोल कुठे गेला आहे ते त्यांचं त्यांनाच कळेल.

मग क्षितिज मधोमध नको, त्याचं काय?

‘चित्राचे तीन भाग करा आणि क्षितिज एक तृतीयांशावर ठेवा’ हा नियम छायाचित्रणाहून जुना आहे. ‘तृतीयांशाचा नियम’ हे नाव इंग्लंडचे चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ साली आपल्या पुस्तकात वापरलं. निसर्गदृश्यात दोन सारखे भाग एकमेकांशी भांडतात, एक प्रमुख असावा, असा त्यांचा विचार.

हा सल्ला वाईट नाही. पण मिरर लेकच्या चित्रांत वॉटकिन्सनी काठाची रेषा जवळजवळ मधोमध घेतली, आणि तरी चित्र ढासळत नाही. कारण तिथे दोन अर्ध्यांचं भांडण हाच चित्राचा विषय आहे. वरचा डोंगर उजळ, खालचा गडद. वर कातळ जास्त, खाली झाडांची सावली जास्त. सारखेपणा आणि त्यातला किंचित फरक यांत डोळा रमतो. आम्हांला वाटतं, नियम शिकवताना तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे तेही सांगावं. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

चौकटीत जे नव्हतं

वॉटकिन्सची ही चित्रं डिसेंबर १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गूपिल कलादालनात मांडली गेली. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. शहरातल्या लोकांनी हजारो किलोमीटर दूरची, युद्धाचा स्पर्श नसलेली निश्चल दरी पाहिली. १८६४ साली कॅलिफोर्नियाचे सेनेटर जॉन कॉनेस यांनी योसेमिटी राखून ठेवण्याचं विधेयक आणलं आणि ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यावर सही केली. दरी सार्वजनिक वापरासाठी कायमची राखली गेली. याचं श्रेय एकट्या छायाचित्रांचं नव्हे, पण दरी न पाहिलेल्या माणसांपुढे ती उभी करण्याचं काम त्यांनी केलं. निसर्गरक्षणाच्या इतिहासात या चित्रांना मान आहे तो यासाठी.

पण त्या निश्चल, निर्मनुष्य दरीत माणसं नव्हती का? होती. अहवाहनीची लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ साली, वॉटकिन्स येण्याच्या दहाच वर्षं आधी, मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने त्यांच्या वस्त्या जाळून त्यांना हुसकावलं. टेनाया हे त्यांच्या मुखियाचं नाव. त्या तुकडीतले डॉक्टर लाफायेट बनेल यांनी दरीच्या वरच्या अंगाच्या एका सरोवराला टेनायाचं नाव दिलं. या सरोवराला आधीच नाव आहे, असं टेनायाने त्यांना सांगितलं होतं. ही हकिगत बनेल यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मिरर लेकला पाणी पुरवणारा ओढा आज त्याच मुखियाच्या नावाने ओळखला जातो. पुढे काही कुटुंबं दरीत परतली, पण त्यांच्या शेवटच्या वस्तीतली घरंही १९६९ साली पाडली गेली.

याचा आपल्या विषयाशी, म्हणजे चित्राच्या रचनेशी, थेट संबंध आहे. वॉटकिन्सच्या चित्रांत दिसणारी मोकळी कुरणं आणि दूरवर पोचणारी नजर नुसत्या निसर्गाची देणगी नव्हती. अहवाहनीची लोक ठरावीक काळाने गवत आणि झुडपं जाळत. ओक वृक्षांना जागा मिळावी, त्यांची फळं वेचता यावीत, शिकार दिसावी म्हणून. त्यांना घालवल्यावर आगी थांबल्या आणि कुरणांवर दाट सूचिपर्णी जंगल चढलं. वॉटकिन्सनी जिथे तिकाटणं रोवलं, अशा काही जागांवरून आज झाडांमुळे तो कडा दिसतही नाही. ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून पाहिलं, त्याची मोकळी चौकट माणसांनीच राखली होती, आणि तीच माणसं चौकटीबाहेर राहिली.

तळ्याचंही तसंच. टेनाया ओढा वाळू आणत राहतो आणि तळं भरत जातं. प्रवाशांसाठी आरसा टिकावा म्हणून बरीच वर्षं ती वाळू उपसली जाई. १९७१ साली ते काम थांबवण्यात आलं. आता वसंतात बर्फ वितळलं की पाणी साठतं, उन्हाळ्याच्या अखेरीस बहुतेक जागी वाळू आणि गवत. वॉटकिन्सच्या वाट्यालाही फारसं उरलं नाही. १८७०च्या दशकात कर्जापायी त्यांची चित्रशाळा आणि निगेटिव्ह दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी नव्याने सुरुवात केली, पुढे दृष्टी अधू झाली, आणि १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत उरलेला संग्रह जळाला. १९१६ साली नापा इथल्या मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची चित्रं आज आपण पाहू शकतो, ती आधीच छापून इतरत्र पोचलेल्या प्रतींमुळे.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका परातीच्या तळाशी काळा कागद घालून तीत पाणी भरा. पलीकडे काठाशी पेन्सिलीचा तुकडा आणि दोन-तीन मीटर मागे एक उंच डबा उभा करा. डोळा वर-खाली नेत, पेन्सिल डब्याला प्रत्यक्षात किती झाकते आणि पाण्यात किती, ते विद्यार्थ्यांनी मोजावं. मग पाण्यावर हलकी फुंकर मारून कोणतं प्रतिबिंब आधी मोडतं ते पाहावं, जवळच्या पेन्सिलीचं की दूरच्या डब्याचं.

मग सकाळी गावच्या तळ्यावर किंवा पाझर तलावावर जावं. पोस्टकार्डाएवढी चौकट कापलेला पुठ्ठा पुरे. कॅमेरा नसला तरी चालेल. प्रत्येकाने आपली चौकट ठरवावी आणि तिच्यात दिसणारं दृश्य वहीत रेखाटावं. आणि त्याच पानाच्या मागे लिहावं : चौकटीच्या उजवीकडे काय होतं? डावीकडे काय होतं? आपल्या पाठीमागे कोण होतं, आणि हे तळं कुणी बांधलं?